सहा रेघा, सहा उच्चार

जपानी भाषेतल्या एका अक्षराची गोष्ट आज सांगायची आहे. अडचण एवढीच, की नभोवाणीवर अक्षर दाखवता येत नाही. तेव्हा श्रोत्यांनी डावा तळहात समोर धरावा आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर रेघा ओढाव्यात. आधी डाव्या बाजूला वरून खाली डावीकडे उतरणारी एक छोटी तिरकी रेघ. तिच्याखाली तशीच दुसरी, जरा लांब. या दुसऱ्या रेघेच्या मधून सरळ खाली एक उभी रेघ. आता उजवीकडे एक छोटी आडवी रेघ, तिच्याखाली थोडी मोठी आडवी रेघ आणि त्या मोठ्या रेघेपासून खाली एक उभी रेघ. तिच्या तळाशी डावीकडे गळासारखा छोटासा बाक. सहा रेघांत अक्षर पुरे झाले. त्याचा मूळ अर्थ ‘जाणे’.

जपानमधली मुले हे अक्षर दुसरीच्या वर्गात शिकतात. अर्थ सोपा, रेघा मोजक्या. पण उच्चार विचारले, तर नवशिका गोंधळतो. नेहमीच्या वापरातील कांजी अक्षरांची जी सरकारी यादी जपानमध्ये आहे, तिच्यात या एका अक्षराचे सहा उच्चार दिले आहेत. इकु, युकु, ओकोनाउ, ग्यो, को आणि आन. (‘ग्यो’ आणि ‘को’ यांतला ओ लांबवायचा.) एकाच अक्षराला सहा उच्चार कशासाठी, असे कोणीही विचारील. जपानी शिकणारी आपल्याकडची मुले तर हा प्रश्न वैतागून विचारतात. त्याचे उत्तर व्याकरणात शोधून मिळत नाही. ते इतिहासात आहे. हे अक्षर जपानमध्ये एकदा आले नाही. ते निरनिराळ्या शतकांत, निरनिराळ्या वाटांनी, निरनिराळ्या माणसांबरोबर पुन्हा पुन्हा आले आणि दर खेपेला आपला त्या वेळचा उच्चार मागे ठेवून गेले.

मुळात हे अक्षर चिनी. चीनमध्ये शांग राजवटीत, म्हणजे तीन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी, बैलाच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर प्रश्न कोरून कौल लावीत. पाऊस पडेल का, लढाईला निघावे का, असे ते प्रश्न. त्या हाडांवर हे अक्षर आहे आणि तिथे त्याचे रूप अगदी स्पष्ट आहे. दोन रस्ते एकमेकांना छेदतात तो चौक. चार दिशांना फुटणाऱ्या वाटा काढल्या, की झाले अक्षर. पण ही हाडे मधल्या काळात जमिनीत गाडली गेली होती. इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन या पंडिताने चिनी अक्षरांचा जो मोठा कोश रचला, त्यात या अक्षराची फोड पावलांच्या दोन खुणा अशी केली. त्याच्यासमोर जे रूप होते त्यावरून ती पटण्यासारखीच होती. पुढे अठराशे वर्षे तीच फोड शिकवली गेली. १८९९ मध्ये हाडांवरच्या कोरीव लेखांकडे विद्वानांचे लक्ष गेले आणि मग कळले, की ही पावले नव्हेत, हा चौक आहे. आजही ‘रस्ता’ या अर्थाचे एक कांजी लिहिताना याच अक्षराचे दोन भाग दोन बाजूंना ठेवतात आणि मधल्या जागेत दुसरी खूण बसवतात. चौकाच्या मध्यभागी काही उभारावे, तसे.

आता हा चौक समुद्र ओलांडून जपानमध्ये कसा पोचला ते पाहू. जपान्यांना भाषा होती, लिपी नव्हती. ‘जाणे’ याला त्यांचा स्वतःचा शब्द होता, तोही दोन रूपांत, ‘इकु’ आणि ‘युकु’. चिनी अक्षर हाती आल्यावर त्यांनी अर्थ पाहिला आणि त्यावर आपला शब्द चिकटवला. हे फार चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही. आपणही असे करतो. ‘१’ हा आकडा आपण ‘एक’ असा वाचतो. पण कोणी ‘१ला’ असे लिहिले, तर कोणताही मराठी माणूस ‘एकला’ वाचत नाही, ‘पहिला’ असेच वाचतो. ‘२रा’ म्हणजे ‘दुसरा’, ‘४था’ म्हणजे ‘चौथा’. आकडा अर्थ सांगतो आणि पुढे जोडलेले अक्षर उच्चाराची दिशा दाखवते. जपानी लिपी नेमकी हेच करते. कांजीपुढे ‘काना’ या ध्वनिलिपीतले एखादे शेपूट जोडतात आणि त्यावरून वाचणारा ओळखतो, की इथे ‘इकु’ वाचायचे की ‘ओकोनाउ’.

‘ओकोनाउ’ म्हणजे करणे, पार पाडणे, आचरणे. जाणे आणि आचरणे एकाच अक्षराने कसे दाखवले? संस्कृत जाणणाऱ्याला हे कोडे पडणार नाही. ‘चर्’ म्हणजे चालणे, फिरणे. त्यावरूनच आचार, आचरण, दिनचर्या हे शब्द झाले. मराठीतही माणसाची चौकशी करताना आपण त्याचे ‘चालचलन’ विचारतो. माणूस कसा चालतो म्हणजे कसा वागतो, हा विचार चिनी लोकांनाही सुचला आणि आपल्यालाही.

या साम्याचा उपयोग बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरकारांना झाला. धर्माचे आचरण, साधना यांसाठी त्यांनी हेच अक्षर घेतले. इतकेच नव्हे, तर रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांपैकी ‘संस्कार’ या शब्दासाठीही हेच वापरले. सहाव्या शतकाच्या मध्यास कोरियातल्या पेकचे राज्याच्या राजाने जपानी दरबाराकडे बुद्धमूर्ती आणि सूत्रग्रंथ पाठवले. जपानी इतिहासात त्यासाठी ५३८ आणि ५५२ अशी दोन साले दिली जातात. या ग्रंथांबरोबर आणि ते वाचून दाखवणाऱ्या माणसांबरोबर दक्षिण चीनच्या वळणाचे उच्चार जपानमध्ये रुजले. त्यांना ‘गो-ओन’ म्हणतात. आपल्या अक्षराचा ‘ग्यो’ हा उच्चार त्या थरातला. म्हणून देवळामठातले शब्द बहुधा ‘ग्यो’ने उच्चारतात. साधना म्हणजे ‘शुग्यो’, खडतर तप म्हणजे ‘कुग्यो’, डोंगरात तप करणारा तो ‘ग्योजा’. घडलेले सगळे अनित्य आहे, या बौद्ध सिद्धांताचे जपानी रूप ‘शोग्यो मुजो’. त्यातला ‘ग्यो’ म्हणजे आपला ‘संस्कार’. तेराव्या शतकात आकाराला आलेल्या हेइके घराण्याच्या ऱ्हासाच्या प्रसिद्ध आख्यानात पहिल्याच वाक्यात हा शब्द आहे. आणि त्याच वाक्यात ज्या विहाराचे नाव येते, तो आपल्या श्रावस्तीचा जेतवन विहार.

पुढे काळ बदलला. चीनमध्ये तांग राजवट आली आणि चांगआन ही राजधानी भरभराटीला आली. जपानी दरबाराने ६३० ते ८३८ या काळात तिकडे पुन्हा पुन्हा वकील, विद्यार्थी आणि भिक्षू पाठवले. समुद्र धोक्याचा होता आणि कित्येक जहाजे परतली नाहीत. जे परतले ते राजधानीचा ताजा उच्चार घेऊन आले. त्यांना जुने उच्चार गावंढळ वाटू लागले. आठव्या शतकाच्या अखेरीस दरबाराने फर्मानच काढले, की अभ्यास नव्या उच्चारांनी व्हावा. हा दुसरा थर म्हणजे ‘कान-ओन’. आपल्या अक्षराचा ‘को’ हा उच्चार यातला. फर्मान निघाले तरी मठांनी आपले जुने पठण सोडले नाही. परिणामी दोन्ही उच्चार राहिले. नंतरच्या काळात विद्वानांनी, अधिकाऱ्यांनी जे शब्द घडवले त्यांत ‘को’ पुष्कळ दिसतो. प्रवास म्हणजे ‘र्योको’, विमान म्हणजे ‘हिकोकी’, जलद गाडी म्हणजे ‘क्युको’. अर्थात ही काटेकोर वाटणी नव्हे. राज्यकारभाराला ‘ग्योसेई’ म्हणतात, तिथे जुनाच उच्चार चालतो.

आपल्याकडे दप्तर, कचेरी, कार्यालय आणि ऑफिस हे शब्द निरनिराळ्या काळांत आले आणि चारही राहिले. फरक एवढाच, की आपले ते चार वेगळे शब्द. जपानमध्ये असे थर एकाच अक्षराच्या अंगावर चढले.

तिसरा थर झेन भिक्षूंचा. बाराव्या-तेराव्या शतकापासून हे भिक्षू चीनला जाऊ लागले, तिकडचे भिक्षू इकडे येऊ लागले. त्यांच्याबरोबर रोजच्या वापरातल्या वस्तू आणि त्यांची नावे आली. या थरातला उच्चार ‘आन’. मठामठांतून पायी फिरणे म्हणजे ‘आंग्या’. ‘जाणे’ आणि ‘पाय’ ही दोन अक्षरे जोडून झालेला हा शब्द मराठीत ‘पदयात्रा’ असाच सांगावा लागेल. निखारे घालून पायाशी घ्यायची, हवी तिकडे उचलून नेता येणारी छोटी शेगडी म्हणजे ‘आंका’. आणि हातात धरून नेण्याचा कागदी कंदील म्हणजे ‘आंदोन’. हा शेवटचा शब्द आपल्याकडच्या मोटार कारखान्यांत काम केलेल्या कित्येकांनी ऐकला असेल. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीत कामात दोष दिसला, की कामगार दोरी ओढतो आणि वरच्या फलकावर दिवा लागतो. त्या दिव्याच्या फलकाला ‘आंदोन’ म्हणतात. झेन भिक्षूंच्या काळातला उच्चार असा कारखान्यात येऊन बसला आहे.

या अक्षराचा आणखी एक अर्थ आहे, ओळ. रस्त्याने माणसे ओळीने जातात, त्यावरून असेल. लिहिलेल्या मजकुराची ओळ म्हणजे ‘ग्यो’. जपानी मूल जेव्हा ध्वनिलिपीचा तक्ता पाठ करते, तेव्हा त्यातल्या प्रत्येक ओळीला ‘ग्यो’ म्हणते. का-ग्यो, सा-ग्यो, ता-ग्यो. हा तक्ता ऐकण्यासारखा आहे. स्वर आहेत आ, इ, उ, ए, ओ. मग ओळी येतात का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपली बाराखडी शिकलेल्या माणसाला यात काहीतरी ओळखीचे वाटेल, आणि ते खरेच ओळखीचे आहे. बौद्ध मंत्रांच्या शुद्ध उच्चारासाठी जपानी भिक्षू ‘सिद्धम्’ लिपी आणि संस्कृत वर्णमाला शिकत. ८०४ मध्ये चीनला गेलेल्या कूकाई या भिक्षूने चांगआनमध्ये प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे अध्ययन केले होते. या परंपरेतून आपल्या वर्णांचा क्रम जपानी तक्त्यात उतरला. अकराव्या शतकापासून असे तक्ते सापडतात आणि पुढे सध्याचा क्रम स्थिरावला. आपला कवर्ग, चवर्ग, तवर्ग आणि त्याचा न, पवर्ग आणि त्याचा म, मग य, र, व. ‘च’च्या जागी ‘सा’ आणि ‘प’च्या जागी ‘हा’ दिसतात, कारण जुन्या जपानीत ‘हा’चा उच्चार ‘पा’सारखा होता, आणि ‘सा’चा उच्चार आपल्या ‘चाक’ या शब्दातल्या ‘च’च्या जवळचा असावा, असे अभ्यासक मानतात.

आता थोडे बाजारात जाऊ. ओळीवरून दुकानांची रांग, आणि रांगेवरून पेढी, असा अर्थ चीनमध्ये झाला. या अर्थी चिनी भाषेत उच्चारही वेगळा आहे. जाणे या अर्थी ‘शिंग’ आणि पेढी या अर्थी ‘हांग’. कँटनच्या बोलीतले त्याचे रूप ‘हाँग’ असे युरोपीय व्यापाऱ्यांच्या कानावर पडले. १७५७ नंतर १८४२ पर्यंत परदेशी व्यापाऱ्यांना कँटन बंदरातल्या ठरावीक परवानाधारक पेढ्यांमार्फतच धंदा करावा लागे. त्या पेढ्या म्हणजे हाँग. मुंबईचा कापूस आणि अफू घेऊन जाणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांना हा शब्द रोजचाच होता. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी अनेकदा चीनला गेले, ते याच पेढ्यांच्या बंदरात. (हाँगकाँग या नावातला ‘हाँग’ मात्र निराळा. त्याचे अक्षर वेगळे, अर्थ ‘सुगंध’.)

जपानने १८७२ मध्ये बँकांविषयी कायदा केला, तेव्हा बँकेसाठी शब्द ठरला ‘गिंको’. ‘गिन’ म्हणजे चांदी आणि ‘को’ म्हणजे आपले अक्षर. चांदीची पेढी! १८७३ मध्ये पहिली बँक उभी राहिली ती शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने. जुलै २०२४ पासून निघालेल्या दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचेच चित्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जपानी गिरण्यांना आपला कापूस हवा होता. त्या व्यापाराच्या सोयीसाठी योकोहामा शोकिन गिंको या बँकेने मुंबईत आपले कामकाज सुरू केले. चौकातून निघालेले अक्षर पेढीची पाटी होऊन आपल्या शहरात पोचले, ते असे.

इतका इतिहास अंगावर वागवणारे अक्षर शिकायला सोपे नसणार, हे उघड आहे. आणि अक्षर एक नाही, हजारो आहेत. मुलांची इतकी वर्षे अक्षरे घोकण्यातच जावीत का, हा प्रश्न जपानमध्ये कळकळीने विचारला गेला. १८६६ मध्ये माएजिमा हिसोका या तरुणाने तोकुगावा शासनाला निवेदन दिले, की कांजी बंद करावी आणि सगळे कानात लिहावे. त्याचा मुद्दा असा, की शिक्षण सर्वांपर्यंत न्यायचे तर लिपी सोपी हवी. हाच माएजिमा पुढे जपानच्या टपालखात्याचा जनक झाला. एक येनच्या टपाल तिकिटावर त्याचे चित्र आहे.

महायुद्धात पराभव झाल्यावर हा प्रश्न नुसता वादाचा राहिला नाही. देश अमेरिकी अमलाखाली होता. मार्च १९४६ मध्ये आलेल्या अमेरिकी शिक्षण मंडळाने रोमन लिपी स्वीकारण्याची शिफारस केली. त्याच वर्षी शिगा नाओया या नामवंत कादंबरीकाराने तर जपानी भाषाच सोडून फ्रेंच घ्यावी, असा लेख लिहिला. पराभवाने माणसाचा स्वतःच्या भाषेवरचा विश्वास किती ढासळतो, हे त्यावरून दिसते. नोव्हेंबर १९४६ मध्ये सरकारने तडजोड केली. १,८५० अक्षरांची यादी काढली. तिच्या नावातच ‘तूर्त वापरण्याची’ असा शब्द होता. पुढे ही अक्षरेही कमी करत न्यायची, अशी पुष्कळांची अपेक्षा होती.

ऑगस्ट १९४८ मध्ये देशभरातल्या १५ ते ६४ वयाच्या सुमारे १७ हजार माणसांची वाचन-लेखन परीक्षा झाली. कांजीमुळे बहुजन अडाणी राहिले, हे सिद्ध होईल असे अनेकांना वाटत होते. निकाल उलटा लागला. पूर्ण निरक्षर निघाले दोन टक्क्यांच्या आसपास. पूर्ण गुण मिळवणारेही थोडेच होते, त्यामुळे सगळे आलबेल होते असे नाही. पण कांजी रद्द करण्यामागचा मोठा आधार गेला. उरलेले काम यंत्राने केले. हजारो खिळ्यांच्या बोजड जपानी टाइपरायटरची जागा १९७८ मध्ये तोशिबाने जाहीर केलेल्या वर्ड प्रोसेसरने घेतली. काना टंकित केले, की यंत्र कांजी पुढे करते. सरकारी यादीतली अक्षरे घटायच्या ऐवजी वाढली. १९८१ मध्ये १,९४५ आणि २०१० मध्ये २,१३६.

यादी राहिली, म्हणून अडचणी संपल्या नाहीत. आपल्या अक्षराचेच पाहा. ‘गेला’ आणि ‘केले’ ही भूतकाळची दोन रूपे, ‘इत्ता’ आणि ‘ओकोनात्ता’, लिहिताना हुबेहूब एकसारखी दिसतात. कोणते वाचायचे ते वाक्य पाहूनच ठरवायचे. १९७३ च्या सरकारी नियमांत ‘ओकोनाउ’चे शेपूट एका अक्षराने लांब लिहायची मुभा दिली, ती यासाठी उपयोगी पडते. पण शाळेत आखूड रूपच शिकवतात.

म्हणून शिकणाऱ्यांना एकच सांगावेसे वाटते. सहा उच्चारांची यादी पाठ करू नका, शब्द पाठ करा. ‘र्योको’ शिका, ‘शुग्यो’ शिका, ‘गिंको’ शिका. आपणही मूल बोलू लागले, की त्याला ‘१ला’चा नियम समजावत बसत नाही. ‘पहिला’ हा शब्द त्याला आधी येतो, आकडा मागून. उच्चार शब्दाबरोबर आला, की मनात बसतो. आणि तो कोणत्या शतकातून, कोणाबरोबर आला हे ठाऊक असले, तर सहसा विसरत नाही.

जाता जाता एक शब्द. या अक्षराला ‘दिशा’ या अर्थाचे अक्षर जोडले, की होते ‘युकुए’. माणूस जिकडे गेला ती दिशा, त्याचा ठावठिकाणा. पुढे ‘फुमेई’, म्हणजे ‘अज्ञात’ जोडले, की ‘बेपत्ता’. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामीने जपानचा ईशान्य किनारा उद्ध्वस्त केला. त्यातली सुमारे अडीच हजार माणसे सरकारी नोंदीत अजूनही ‘युकुए फुमेई’ आहेत. दरवर्षी मार्च महिन्यात हा आकडा वर्तमानपत्रांत पुन्हा छापला जातो. शेजारी पहिले अक्षर तेच असते, दुसरीतल्या मुलालाही वाचता येणारे. ज्यांची माणसे परतली नाहीत, ते मात्र त्या चौकाशी अजून उभे आहेत. माणूस गेला हे त्यांना कळले आहे, कोणत्या वाटेने ते कळलेले नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)